शाळेची वाट कुणाच्या नावावर?

जेवणं उरकून, भांडी पालथी घालून बसला असाल. कुणी उद्याच्या भाजीच्या शेंगा सोलत ऐकत असाल. सोला, हात थांबवू नका. आज आम्ही कर्जाचं बोलणार नाही, व्याजाचं नाही, लोणच्या-पापडाचंही नाही. आपली पोरं रोज ज्या वाटेनं शाळेला जातात त्या वाटेबद्दल बोलायचं आहे. त्या वाटेवर खर्चायला पैसा कुठून येतो, आणि आला की तो वाटेवरच कसा लागेल, हेही सांगायचं आहे.

सुरुवात झाली गटाच्या बैठकीतच. मंगळवारची बैठक होती. हजेरी झाली, वसुली झाली, आणि एका ताईनं अंतर्गत कर्ज मागितलं, सात हजार. कशाला, तर शिलाई मशीनला. कुणासाठी, तर थोरल्या पोरीसाठी. आम्हाला कौतुक वाटलं. मग कुणीतरी विचारलं, "अगं, ती आठवीत ना? शाळा करून मशीन कधी चालवणार?" ताई सतरंजीचा दोरा ओढत म्हणाली, "शाळा सोडवली तिची. दिवाळीपास्नं."

आमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. सातवीपर्यंत शाळा गावात, आठवीपासून चार किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावी हायस्कूल. दिवाळीत कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून, वर गाणी वाजवत, ऊस त्याच रस्त्यानं जातो. ही पोरगी सायकलवर होती. मागून ट्रॅक्टर आला म्हणून ती बाजूपट्टीवर उतरली. बाजूपट्टी कसली, वीतभर खालचा खड्डा. सायकल कलंडली, हात मोडला. सगळे म्हणाले थोडक्यात वाचली. बाप म्हणाला, बास झाली शाळा. आणि गावात कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. आम्हालाही नाही, हे खरं सांगायला पाहिजे. आम्ही त्या बैठकीत कर्ज मंजूर केलं आणि घरी गेलो.

रात्री मात्र एकीला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली आणि विचारलं, कुणाकुणाच्या पोरी सातवीनंतर घरी बसल्यात? गेल्या तीन वर्षांतल्या नऊ निघाल्या. घरटी कारण वेगळं सांगितलं गेलं, कुणी आजारी सासू, कुणी धाकटं भावंड. पण दोन वाक्यं पुढं बोललं की प्रत्येकीचा रस्ताच निघायचा.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. एके सकाळी आठ जणी पोरांच्या बरोबर शाळेपर्यंत चालत गेलो आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत आलो. वही-पेन घेऊन. आम्ही काही सांगायचं नाही, पोरं सांगतील ते लिहायचं, असं ठरलं होतं. मैत्रिणींनो, हा रस्ता आम्ही जन्मभर तुडवलाय असं आम्हाला वाटत होतं. पण मोठ्या माणसाची वाट वेगळी आणि दहा वर्षांच्या पोराची वेगळी. पोरांनी दाखवलं की ओढ्याच्या फरशी पुलाला कठडा नाही म्हणून ती मधून चालतात, आणि मधून चालतात म्हणून गाड्यांच्या वाटेत येतात. आम्हाला ठाऊकही नव्हतं असा बांधावरचा आडमार्ग त्यांनी दाखवला, आणि त्या आडमार्गाला लागून एक बिनकठड्याची विहीर. गटाराचं पाणी तुंबून रस्त्यावर येतं तिथं चिखल टाळायला सगळी पोरं डावीकडून उजवीकडं जातात, नेमकी वळणावर. संध्याकाळी दोन्हीकडं पुरुषभर ऊस आणि मध्ये अंधार. हायस्कूल पाचला सुटतं, डिसेंबरात सहाला दिवस बुडतो. आम्ही पावलं मोजली, त्या अंधाऱ्या पट्ट्याची आठशे भरली. बिबट्याचं भ्याव ते वेगळंच.

आणि एक गोष्ट पोरींनी मोठ्यानं सांगितली नाही. येताना आम्ही दोघी मागं राहिलो, तेव्हा एक नववीतली म्हणाली, "काकी, आम्ही एस.टी.च्या शेडात कधीच उभं राहत नाही." का गं? तर शेडात पत्ते खेळणारी मंडळी बसलेली असतात, शेजारी टपरी, तिथून शिट्ट्या. म्हणून पोरी शेड सोडून डांबरावर उभ्या राहतात. आता बघा, आम्ही इतके दिवस म्हणत होतो, पोरींना अक्कल नाही, रस्त्यात उभ्या राहतात. त्या का उभ्या राहतात हे कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी शाळेच्या पटांगणात रांगोळीनं नकाशा काढला. पांढरा रस्ता, निळा ओढा, धोक्याच्या जागी लाल. पोरांनीच काढला, आम्ही रांगोळी पुरवली. मग एका मुलानं तो मोठ्या कागदावर उतरवला. तो कागद अजून आमच्या ग्रामसंघाच्या पेटीत आहे. पुढं प्रत्येक कचेरीत तोच कामाला आला.

आता पुढचं नीट ऐका, कारण आमचं इथंच वर्ष वाया गेलं.

आम्ही अर्ज लिहिला. "शाळेचा रस्ता सुरक्षित करावा ही नम्र विनंती." पन्नास सह्या, अंगठे, आणि दिला ग्रामपंचायतीत. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, वाचला आणि म्हणाले, "ताई, हे काम मला आराखड्यात लिहिताच येत नाही. कुठला रस्ता, किती मीटर, काय करायचं, ते सांगा. सुरक्षित म्हणजे काय लिहू?" तेव्हा आम्हाला राग आला. आता वाटतं, माणूस बरोबर बोलला. शासनाच्या कागदाला काळजी कळत नाही, मीटर कळतात.

शिवाय अर्धा रस्ता ग्रामपंचायतीचा नव्हताच. गावाच्या आतले रस्ते ग्रामपंचायतीचे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडं. महामार्गाचं खातं आणखी वेगळं. आपल्या पायाला सगळं डांबर सारखंच, पण दाद मागायची दारं चार. ओळखायची एक सोपी खूण आहे ती सांगतो. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर गावाकडचा रस्ता. दगडच नसेल, तर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा नंबर विचारायचा. आम्ही विचारला. आमच्या चार किलोमीटरांपैकी पहिला तुकडा गावाचा, मधला जिल्हा परिषदेचा आणि चौकापासून पुढचा बांधकाम खात्याचा निघाला. लाल रांगोळीच्या प्रत्येक ठिपक्यापुढं आम्ही मालकाचं नाव लिहिलं. एका अर्जाचे सात अर्ज झाले.

मग पैसा. "पंचायतीकडं पैसा नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पैसा असतो, पण त्याच्यावर चिठ्ठ्या लावलेल्या असतात, आपल्या डब्यांसारख्या. हा डाळीचा, हा साखरेचा. वित्त आयोगाचा जो निधी येतो, त्यात २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंतच्या पंधराव्या आयोगाच्या हिशेबानं ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठीच खर्चायचा. अबंधित म्हणजे गावाची जी गरज असेल तिला, पगार सोडून. पुढच्या आयोगाचा हिशेब काय आहे तो आपापल्या ग्रामसेवकांकडून लिहून घ्या, जुन्या आकड्यावर भांडू नका.

आम्ही रस्ता म्हणत होतो तेव्हा सगळे अबंधित डब्याकडंच बघत होते, आणि त्या डब्यावर आधीच दहा जणांचे डोळे. तेव्हा आमच्यातल्या एका मावशीनं, शाळा चौथीपर्यंत, एक गोष्ट बोलून दाखवली. "वळणावर पोरं रस्ता ओलांडतात ती गटारामुळं. मग गटाराचा पैसा स्वच्छतेच्या डब्यातनं का घेत नाही?" खरंच की! सांडपाण्याची सोय हे स्वच्छतेचंच काम. त्या वळणावरचं गटार आणि शोषखड्डा बंधित निधीतून झाला, आणि पोरांचं ओलांडणं आपोआप थांबलं. रस्त्याच्या नावानं एक रुपयाही न मागता रस्त्यावरचा एक लाल ठिपका पुसला गेला.

दुसरा डबा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे घरपट्टी, बाजारफी वगैरे. त्यातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. कित्येक ठिकाणी तो सतरंज्या आणि हळदी-कुंकवाच्या वाणात जातो. वाण कुणाला नको असतं? पण आम्ही एक वर्ष म्हटलं, यंदा वाण नको, विहिरीला कठडा आणि जाळी द्या. एक-दोघी नाराज झाल्या, त्या अजून बोलून दाखवतात.

तिसरं, रोजगार हमी. बाजूपट्टीला मुरूम, पाणंद रस्ता, अशी मातीची कामं त्यातून निघू शकतात, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि मजुरांची कामाची मागणी दोन्ही लागतं. चौथं, मोठी कामं, पूल, साकव, कठडे. ती जिल्हा परिषदेतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून, नाहीतर आमदार निधीतून. त्याला वेळ लागतो आणि पाठपुरावा लागतो. आमचा पूल अजून तिथंच अडकलाय, ते पुढं सांगते.

महिन्याचं गणितही महत्त्वाचं. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून वर्षअखेरपर्यंत बनतो. त्यात नाव नाही तर पुढं वर्षभर "आराखड्यात नाही" हेच ऐकायचं. उमेदच्या गटांनी तर स्वतःचा आराखडा, व्हीपीआरपी म्हणतात तो, करून ग्रामसभेला द्यायचाच असतो. तो घरकुल आणि रेशनकार्डावरच संपवू नका, रस्त्याचे ठिपके त्यात घाला.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. आमच्याकडं ती रजिस्टरात व्हायची. म्हणजे घरोघर सह्या. त्या वर्षी आम्ही म्हटलं, सही नाही, सभा. देवळात सभा भरली, बासष्ट बायका. रांगोळीचा कागद भिंतीला लावला. सात कामं वाचली, जागा आणि मीटर सकट. ठराव लिहायला एक बारावी झालेली सून बसवली, आणि वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करायची नाही असं ठरवलं. आधीच्या वर्षी आम्ही तोंडी बोललो होतो आणि इतिवृत्तात आमचं एक अक्षर आलं नव्हतं.

मुख्य ग्रामसभेत गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तो लागतो. आम्हीच निम्म्याहून जास्त होतो. तरी सोपं गेलं नाही. एक जण उठून म्हणाले, "आम्ही शिकलो तेव्हा कुठं दिवे होते? चालतच गेलो की." सगळे हसले. मागं एक आजी बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत, बसूनच म्हणाल्या, "बाबा, तू शिकलास तवा हितं माळ होता. ऊस बी नव्हता आन् टॅक्टर बी नव्हता. ऊस तुम्ही आणला, आता उजेड बी तुम्हीच आना." ठराव झाला. हात वर करून.

आता एक चूकही सांगतो, कारण ती आमचीच आहे.

ठराव होऊनही चौकातल्या गतिरोधकाचं काही हलेना. तो तुकडा बांधकाम खात्याचा. दोन महिने गेले. मग एका रात्री गावातल्या पोरांनी आणि आम्ही काही जणींनी मिळून दगड-माती टाकून स्वतःच गतिरोधक केला. दीड फूट रुंद, फूटभर उंच. सकाळी फार भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्याच गावचा दूध घालणारा दादा, किटल्या बांधलेली मोटारसायकल घेऊन, अंधारात त्यावर आदळला. खांदा निखळला. दोन महिने त्याच्या म्हशींची धार त्याच्या बायकोनं काढली, आणि ती आमच्याच गटात आहे. ती आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर अभियंत्यांनी समजावलं. नियमातला गतिरोधक सुमारे पावणेचार मीटर रुंद आणि फक्त दहा सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे बारा फुटांची पसरट कमान. वर पांढरे पट्टे आणि अलीकडं सूचनेचा फलक. आमचा होता तो गतिरोधक नव्हे, सापळा. तो आम्हीच काढला. मग ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, नकाशा आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडून बांधकाम खात्याला दिलं, त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. पोचेची सही-शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. सहा-सात महिन्यांनी गतिरोधक झाला, शाळेचा त्रिकोणी फलकही लागला. उशीर झाला, पण कुणाचा खांदा गेला नाही.

काम मंजूर झालं की आपण सुटलो, असं वाटतं. तिथूनच खरी राखण. ग्रामपंचायतीनं अंधाऱ्या पट्ट्यासाठी सहा सौर दिवे घेतले. दिवे आले त्या दिवशी आमच्या निम्म्याजणी भांगलायला गेल्या होत्या. संध्याकाळी बघतो तर चार दिवे पट्ट्यावर आणि दोन गावात, कुणाच्या दारात ते सांगत नाही. तुमच्या गावात असं होत नसेल तर तुम्ही भाग्यवान. आम्ही भांडलो नाही. आराखड्यातली नोंद काढली. ई-ग्रामस्वराजवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाईलवर दिसतो, आमच्यातली कॉलेजला जाणारी मुलगी ते उघडून देते. नोंदीत जागा स्पष्ट होती, शाळेकडं जाणारा रस्ता. मीटर लिहायचा हट्ट तेव्हा फळाला आला. तो कागद मासिक सभेच्या आधी नेऊन दिला आणि म्हटलं, बिल काढायच्या आधी जागा बघा. आठ दिवसांत दोन्ही खांब हलले.

म्हणून सांगतो, कामाचं अंदाजपत्रक मागा. आपल्याला सगळं कळत नाही, पण किती मीटर, किती इंच, किती नग, हे कळतं. साडीला फॉल लावणाऱ्या बाईला मोजमाप कुणी शिकवायला नको. टेप घेऊन जा. आणि दिवा लावतानाच विचारा, बंद पडला तर दुरुस्ती कुणी करायची, किती वर्षं. आम्ही हे विचारलं नाही. दोन दिवे पावसाळ्यात विझले, एकाची बॅटरीच चोरीला गेली. सध्या चारच जळतात.

काही कामांना निधी लागतच नाही, पण ती सोपी असतात असं नाही. पहिलीच्या, दुसरीच्या वाडीवरच्या पोरांना घेऊन जायला आम्ही पाळी लावली. रोज दोघी, पोरांची रांग, पुढं एक, मागं एक. पहिला महिना छान चालली. मग खुरपणीचा हंगाम आला. रोजावर जाणाऱ्या बाईनं पाळी केली तर तिचा दिवसच बुडतो, मुकादम थांबत नाही. काही जणी म्हणाल्या, गटाच्या पैशातून पाळीवाल्यांना थोडं द्या. त्यावर मोठा वाद झाला. शेवटी ठरलं की बचतीचा पैसा ज्या-त्या बाईचा आहे, तो यात घालायचा नाही. मग रोजावर न जाणाऱ्या, घरच्या शेतीवाल्या आणि आज्या यांनी जास्त पाळ्या घेतल्या. अजून कधीकधी पाळी चुकते. मग पोरं एकटीच जातात, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत जिवाला चैन नसतं.

वाडीवरच्या पोरांसाठी आणखी एक हक्क आहे. शिक्षण हक्काच्या नियमानुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. जवळ शाळा नसलेल्या अशा मुलांना आठवीपर्यंत समग्र शिक्षामधून वर्षाला सहा हजारांपर्यंत वाहतूक भत्ता मिळू शकतो. त्याची यादी शाळेतून जाते. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा की आपल्या वाडीची नावं गेली का. त्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, म्हणजे तिथंही आपणच बसलेल्या असतो, फक्त सहीपुरत्या.

मोठ्या मुलींसाठी एस.टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस धावतात आणि आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आमचा तालुका त्यात नाही, तुमचा असेल तर चौकशी करा. आमच्याकडं पास होते, गाडीची वेळच चुकीची होती. हायस्कूल सुटल्यावर तासाभरानं गाडी. आगार व्यवस्थापकांकडं गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "पास किती?" आम्ही मोजून नेले होते, एकेचाळीस. शाळेचं पत्र होतं. पंचवीस मिनिटं गाडी अलीकडं आली. पूर्ण नाही, पण डिसेंबरात पंचवीस मिनिटं म्हणजे उजेड.

आणि शेडाचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. पोलीस पाटलांना सांगितलं, एक-दोनदा हवालदार येऊन गेले, चार दिवस शांत. पाचव्या दिवशी पुन्हा पत्ते. मग आमच्यातली भाजी विकणारी एक वहिनी म्हणाली, मी माझी पाटी तिथं मांडते, साडेचारपासून. ती शेडात पाटी घेऊन बसली. दुसरी कुणी कणसं भाजायला लागली. बायका येऊ लागल्या, भाव करू लागल्या, आणि पत्तेवाले आपले आपण पिंपळाखाली सरकले. आता पोरी शेडात उभ्या राहतात. यासाठी कुठलंही अंदाजपत्रक झालं नाही. वहिनीची भाजीही जास्त खपते, ते वेगळं.

कारखान्याच्या शेती गटकार्यालयात आम्ही हंगामाच्या तोंडाला गेलो होतो. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावा, शाळा भरता-सुटता गावातून हळू जा, टेप मोठ्यानं लावू नका म्हणजे मागच्याचा आवाज ड्रायव्हरला ऐकू येईल. रिफ्लेक्टर बऱ्याच ट्रॉल्यांना लागले. गाणी काही बंद झाली नाहीत.

दप्तरांना चमकत्या पट्ट्या लावायचं आमच्या हातात होतं. तालुक्याच्या गावाहून पट्टीचं बंडल आणलं, वर्गणी काढून साडेअकराशे रुपये. शिवल्या कुणी? त्या पोरीनं. ज्या मशीनला आम्ही कर्ज दिलं होतं, त्याच मशीनवर. एकशे दहा दप्तरं. मुख्याध्यापक दप्तरं न्यायला आले तेव्हा तिच्या बापाला म्हणाले, "हजेरीपटातलं तिचं नाव मी अजून काढलेलं नाही." बाप काही बोलला नाही. जूनमध्ये तिला स्वतः घेऊन गेला. बाकीच्या आठजणींतल्या दोघी परत गेल्या, तिघींची लग्नं होऊन गेलीत, तिघी अजून घरीच आहेत. त्यातल्या दोघींच्या घरी आम्ही जातोय.

पूल राहिलाय. फरशी पुलाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेत आहे, दोनदा त्रुटी निघून परत आला. तोवर आम्ही काठावरच्या खांबाला गुडघ्याच्या उंचीवर लाल पट्टा मारलाय. पाणी पट्ट्याला लागलं की त्या दिवशी कुणी ओलांडायचं नाही, मोठ्यानंसुद्धा नाही, आणि शाळेनं गैरहजेरी धरायची नाही, असं मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. गेल्या पावसाळ्यात असे सहा दिवस भरले. त्या सहा दिवसांच्या तारखा आम्ही लिहून ठेवल्यात, पाण्याचे फोटोही आहेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ते मांडून पुलासाठी पुन्हा ठराव घ्यायचा आहे. त्याच सभेत दोन बंद दिव्यांचं आणि चोरीला गेलेल्या बॅटरीचं विचारायचं आहे.

तुमच्या गावची लाल रांगोळी कुठं पडते ते आम्हाला केंद्रावर कळवा. मैलाच्या दगडाचा रंग बघून ठेवायला विसरू नका. उद्या आमची पाळी आहे, साडेनऊला वाडीवर पोचायचंय. नमस्कार.